वाहन-सल्ला : जुन्या पिकअपच्या गिअरबॉक्सची कूलर लाइन गळू लागली तर

प्रश्न : आदरणीय सल्लागार महोदय, मी मूळचा सांगलीचा असून बऱ्याच वर्षांपासून अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. माझ्याकडे २००३ सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० हा पिकअप ट्रक आहे. इंजिन ५.३ लिटरचे व्ही-८ आहे, ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह आहे आणि त्याला ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हिवाळा संपता संपता घरासमोर, इंजिनच्या मागच्या बाजूला उजवीकडे, लालसर तेलाचे डाग पडू लागले. आता सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला, की गिअर लागायला दोन-तीन सेकंद लागतात. खाली वाकून पाहिले तेव्हा गिअरबॉक्सपासून रेडिएटरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या गंजून सोललेल्या दिसल्या. जवळच्या एका गॅरेजने रेडिएटरसह सगळेच बदलावे लागेल असे सांगितले. एका स्नेह्यांचे म्हणणे असे की गंजलेला तुकडा कापून तेथे इंधनाची रबरी नळी घालावी आणि दोन क्लिपा आवळाव्यात. यांपैकी काय करावे, तेल कोणते आणि किती घालावे आणि तोवर गाडी कामावर नेली तर चालेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेच सर्वांत तातडीचे आहे. गळती बंद होईपर्यंत हा ट्रक चालवू नका. रिव्हर्स उशिरा लागतो याचा अर्थ गिअरबॉक्समधील तेलाची पातळी आधीच बरीच खाली गेली आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगणाचे काम करत नाही; टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या प्रवाहाने जोडणारा भाग) शक्ती तेच पुढे नेते, क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरण्यासाठी लागणारा दाब तेच देते आणि निर्माण होणारी उष्णताही तेच वाहून नेते. पातळी खाली गेली की पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि क्लच पूर्ण न पकडता घसरत राहतो. घसरणारा क्लच काही मिनिटांतही जळू शकतो, आणि या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच-संच सर्वांत आधी जळतो, हे त्याची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसरा धोका आगीचा आहे. तुमच्या ट्रकच्या कूलर लाइन, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरकडे नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या त्या लोखंडी नळ्या, इंजिनच्या उजव्या अंगाने, इंजिन-तेलाच्या टाकीच्या कडेने, स्टार्टर आणि एक्झॉस्टच्या अगदी जवळून पुढे जातात. तापलेल्या एक्झॉस्टवर या तेलाची बारीक फवार पडली तर आधी धूर येतो आणि पुढे पेट घेण्याचीही शक्यता असते. गॅरेजपर्यंत न्यायचाच असेल तर टो करून न्या.

रेडिएटरविषयी गॅरेजने दिलेला सल्ला मला पटत नाही, निदान तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून तरी नाही. रेडिएटरमधील कूलर (त्याच्या टाकीत बसवलेला, गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा भाग) आतून फुटल्याची लक्षणे वेगळी असतात आणि ती पुढच्या एका प्रश्नाच्या उत्तरात सविस्तर दिली आहेत. ती नसतील तर रेडिएटर बदलण्याचे कारण उरत नाही. स्नेह्यांचा सल्ला मात्र मी त्याहून अधिक चुकीचा मानतो, आणि तो सर्रास दिला जातो म्हणून त्याचाही विचार सविस्तर करू.

त्याआधी गळती नेमकी कोठून आहे याची खात्री करून घ्या, कारण चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे पसरते आणि जेथे थेंब पडतो त्याच्या वरच गळती असेल असे नाही. तेलाच्या रंगावरून पहिला अंदाज येतो. इंजिनचे तेल तपकिरी किंवा काळे असते, या ट्रकमधील कूलंट नारिंगी असते आणि गिअरबॉक्सचे तेल लाल असते, जे जुने झाले की विटकरी होते. तुमचा ट्रक फोर-व्हील ड्राइव्ह असल्यामुळे ट्रान्सफर केसही (पुढच्या आणि मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) तपासावी. आपोआप फोर-व्हील ड्राइव्ह होण्याची सोय असलेल्या या काळातील ट्रकांमध्ये तेथे निळसर रंगाचे वेगळे तेल असते, त्यामुळे निळी छटा दिसली तर तपासाची दिशाच बदलते. आणखी एक खूण अशी की कूलर लाइनमध्ये दाब फक्त इंजिन चालू असतानाच असतो. इंजिन सुरू असताना गळती वेगाने होत असेल आणि बंद केल्यावर थोड्या वेळात थांबत असेल, तर संशय लाइनवर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीखाली सावकाश थेंब साचत असतील, तर गिअरबॉक्सच्या पॅनचे (खालच्या तेलपात्राचे) गास्केट किंवा एखादे सील पाहावे. खालची सर्व बाजू ब्रेक-क्लीनरने धुऊन कोरडी करा, खाली मोठा पुठ्ठा अंथरा, इंजिन चालू करा आणि बॅटरीच्या उजेडात लाइनचा प्रत्येक भाग दुरून न्याहाळा. हात लावून चाचपू नका, कारण नळी आणि शेजारचा एक्झॉस्ट दोन्ही भाजतात.

गळतीच्या ठरलेल्या जागा चारच आहेत. पहिली, लोखंडी नळीला मधल्या रबरी नळीशी जोडणारी दाबून बसवलेली धातूची कडी. तेथे रबर वर्षानुवर्षे कडक होत जाते आणि कडीच्या कडेतून तेल पाझरते. दुसरी, जेथे नळी पत्र्याच्या ब्रॅकेटने धरलेली असते ती जागा. ब्रॅकेटच्या आत खारे पाणी अडकून राहते आणि बाहेरून बरी दिसणारी नळी त्या पट्टीखाली कागदाइतकी पातळ झालेली असते. तिसरी आणि चौथी, रेडिएटरच्या आणि गिअरबॉक्सच्या बाजूची झटपट जोडणी, जिच्या आतले सील थकले की नळी शाबूत असूनही तेल गळते. मिशिगनमधील ट्रकबाबत मी दुसऱ्या जागेकडे आधी पाहीन. तेथे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ आणि क्लोराइडचे द्रावण टाकतात, आणि इतक्या हिवाळ्यांत ते खालून पोलादी नळी कुरतडत राहते. यात ट्रकच्या घडणीचा दोष शोधण्यापेक्षा नळीचे आयुष्य संपले असे समजणे योग्य होईल.

आता रबरी नळीच्या जोडाविषयी. कूलर लाइनमधला दाब गिअरबॉक्सच्या मुख्य दाबाच्या तुलनेत कमी असतो, म्हणून कोणतीही रबरी नळी चालेल असे लोक धरून चालतात. पण प्रश्न दाबाइतकाच उष्णतेचा आणि तेलाचा आहे. साध्या चालण्यात हे तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असते आणि जड ट्रेलर ओढताना १२० च्या वर जाऊ शकते. इंधनासाठी बनवलेली साधी नळी या तापमानात सतत राहण्यासाठी बनवलेलीच नसते, आणि हीटरची नळी तर मुळीच वापरू नये, कारण तिचे रबर पाणी आणि कूलंटसाठी उत्तम असले तरी खनिज तेलात ते फुगते आणि मऊ पडते. ज्या नळीवर एसएई जे१५३२ (अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचे मानक) असे छापलेले असते, तीच ट्रान्समिशन कूलरसाठी बनवलेली असते. दुसरी अडचण नळीच्या टोकाची आहे. कापलेल्या गुळगुळीत नळीवर रबर चढवून क्लिप आवळली तर ती आज धरेल, पण पहिल्याच कडाक्याच्या थंडीत, तेल घट्ट असताना दाब वाढला की ती सरकून निसटते, आणि मग थेंब थेंब गळत नाही, काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा होतो. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी अडचण अशी की जेथे तुकडा कापला त्याच्या पुढची-मागची नळीही तेवढेच हिवाळे पाहिलेली असते. गंजलेल्या पोलादावर आवळलेली क्लिप स्वतःच त्याला भोक पाडते.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा स्पष्ट सल्ला असा आहे की जाणारी आणि परतणारी, अशा दोन्ही नळ्या गिअरबॉक्सपासून रेडिएटरपर्यंत पूर्ण बदला. एकच गळत असली तरी दुसरी त्याच वयाची आहे आणि तेच काम पुढच्या वर्षी पुन्हा करण्यात अर्थ नाही. या ट्रकसाठी वळणे देऊन तयार केलेले संच सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. मिळत असेल तर स्टेनलेस पोलादाचा किंवा चांगला लेप दिलेला संच घ्या. तयार संच न मिळाल्यास निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूची ३/८ इंची, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर व्यासाची नळी आणून जुन्या नळीच्या आकाराप्रमाणे वळवता येते. ती हाताने सहज वळते, मिठाने गंजत नाही आणि मिठाच्या पट्ट्यातले अनेक अनुभवी मेकॅनिक तिलाच पसंती देतात. वळणासाठी तरीही बेंडर वापरा, कारण चेपलेल्या वळणात तेलाचा प्रवाह अडतो आणि गिअरबॉक्स तापतो.

अर्धी नळी खरोखरच चांगली असेल आणि बिघाड फक्त मधल्या रबराच्या कडीत असेल, तर तुकडा बदलण्याची दुरुस्ती मी नाकारत नाही; मात्र ती नीट करावी. कडी धातूच्या बाजूने स्वच्छ, गंज नसलेल्या जागी कापावी आणि त्यासाठी करवत न वापरता नळी-कटर वापरावा, कारण करवतीचा चुरा परतीच्या नळीत पडला तर तो थेट गिअरबॉक्समध्ये जातो. कापलेल्या टोकाची आतली कड साफ करून त्यावर फुगवटा काढावा. दुहेरी फ्लेअर (नळीचे टोक दुमडून फाकवणे) करण्याच्या संचातील पहिली पायरी एवढेच काम करते. फुगवटा ओलांडून किमान इंचभर आत जाईल अशी जे१५३२ नळी चढवावी, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा फुगवट्याच्या मागे बसवाव्यात आणि त्या रबर कापले जाईल इतक्या आवळू नयेत. पितळी कॉम्प्रेशन जोड (नट आवळून नळीवर कडी दाबून बसवायचा जोड) काही जण वापरतात. सरळ, चांगल्या आणि कंप न बसणाऱ्या भागात तो टिकतोही, परंतु इंजिन सतत हलते आणि चेसिस वेगळी हलते अशा ठिकाणी मी तो बसवणार नाही. ब्रेकच्या नळीवर तर तो कोणीही, कधीही बसवू नये.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी ट्रक सपाट काँक्रीटवर उभा करा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि चेसिसखाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रकखाली शिरू नका. बॅटरीची ऋण बाजू सोडवा. नळ्या स्टार्टरच्या जाड तारेजवळून जातात आणि पाना तेथे टेकला तर ठिणगी उडते, तीही तेलाने माखलेल्या जागी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि खाली पसरट भांडे ठेवा. सर्व जोडण्यांवर आदल्या रात्रीच गंज सैल करणारे तेल मारून ठेवलेले बरे.

झटपट जोडणी सोडवताना लोक घाई करतात आणि नवीन नळी बसवताना तीच घाई महागात पडते, म्हणून येथे थोडे अधिक लिहितो. जोडणीवर प्लॅस्टिकची टोपी असते. ती नळीवरून मागे सरकवा. आत तारेची एक वेटोळी क्लिप दिसेल, जिची टोके जोडणीच्या खाचांत बसलेली असतात. वाकड्या टोकाच्या हुकाने एक टोक उचलून क्लिप फिरवत बाहेर काढा आणि नळी सरळ रेषेत ओढा. जुनी क्लिप पुन्हा वापरू नका. नवीन क्लिप बसवताना तिचे एक टोक खाचेत अडकवावे आणि उरलेली क्लिप हाताने फिरवत खाचांत उतरवावी. समोरून दाबून बसवली तर ती फाकते आणि नळीला पूर्ण धरत नाही. क्लिप बसली की नळी आत दाबा, ‘टक’ असा आवाज यायलाच हवा. त्यानंतर नळी जोराने मागे ओढून पाहा. कारखान्याच्या नळीवर पिवळ्या रंगाचा पट्टा असतो. तो जोडणीत पूर्ण नाहीसा झाला असेल तरच नळी शेवटपर्यंत बसली असे समजावे, आणि मगच टोपी पुढे सरकवावी. जोडणीतले सील जुने असेल तर नवीन नळीसुद्धा गळेल, तेव्हा चारही ठिकाणच्या जोडण्या नवीन घालणे योग्य. रेडिएटरवरची जोडणी सोडवताना दोन पाने वापरा, एकाने रेडिएटरकडचा षटकोन स्थिर धरा आणि दुसऱ्याने जोडणी फिरवा. तसे केले नाही तर आतला कूलर प्लॅस्टिकच्या टाकीत पिळला जातो आणि मग त्या गॅरेजचे म्हणणे खरे करण्याची वेळ येते. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे आहे, म्हणून तेथील आटे आधी बोटांनीच लावा. नवीन नळी ब्रॅकेटांत पूर्वीसारखीच पक्की करा, एक्झॉस्टपासून मूळचे अंतर राखा आणि ती कोठेही चेसिसला घासत नाही हे पाहा.

तेलाविषयी सांगायचे तर २००३ साली या गिअरबॉक्ससाठी डेक्सरॉन-३ तेल सांगितलेले होते. त्यानंतर आलेले डेक्सरॉन-६ त्याच्या जागी चालते आणि त्यात मिसळलेही जाते, तेव्हा आज परवाना असलेले डेक्सरॉन-६ घ्या. ‘सर्व गाड्यांना चालणारे’ असे लिहिलेल्या बाटल्यांच्या मोहात पडू नका. पूर्ण रिकाम्या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरसह सुमारे १०.६ लिटर तेल मावते आणि पॅन काढून तेल बदलताना सुमारे ४.७ लिटर लागते. तुम्हाला किती घालावे लागेल हे आजवर किती गळाले त्यावर अवलंबून आहे, म्हणून आकडा ठरवून ओतू नका. आधी एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिलिलिटर घाला, इंजिन चालू करा, ब्रेक दाबून सिलेक्टर प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, पुन्हा पार्कमध्ये आणा आणि डिपस्टिक पाहा. तपासणी इंजिन चालू ठेवूनच करायची असते, कारण इंजिन बंद केल्यावर कन्व्हर्टर आणि नळ्यांमधले तेल पॅनमध्ये उतरते आणि पातळी खोटी उंच दिसते. (होंडाच्या गाड्यांची पद्धत उलट आहे, त्यामुळे घरातील दुसऱ्या गाडीचा नियम येथे लावू नका.) थंड तेलाचे माप केवळ अंदाजासाठी आहे. अंतिम माप ट्रक पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल ८० ते ९५ अंशांना आल्यावर, सपाट जागी, रेघांनी भरलेल्या ‘हॉट’ पट्ट्यातच घ्यावे. पातळी पट्ट्याच्या वर गेली तरी नुकसान होते, कारण फिरणारे भाग तेल घुसळून त्याला फेस आणतात.

दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीहून आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली पुठ्ठा घालून पाहा. रिव्हर्स लगेच लागू लागला, तेलाला करपट वास नसला आणि डिपस्टिकवर काळे कण नसले, तर गिअरबॉक्स वाचला असे म्हणायला हरकत नाही. वास करपट असेल तर पॅन उतरवून आतील चुंबक आणि गाळणी पाहून घ्या. राखाडी रंगाची बारीक चिकट पूड थोडी असणारच, ती स्वाभाविक झीज आहे. धातूच्या किसासारखे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचा काळा गाळ दिसला तर मात्र कुशल माणसाला दाखवा. काढलेले तेल बंद डब्यात साठवून सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्या. तुमच्याकडील बहुतेक दुकाने ते विनामूल्य स्वीकारतात. पावसाच्या पाण्याच्या गटारात ते जाऊ देऊ नका.

आणि एक विनंती. ट्रक उचललेला आहेच, तर त्याच बैठकीत ब्रेकच्या नळ्या संपूर्ण लांबीभर तपासा. त्यांनीही तेच मीठ सोसलेले असते. तुमच्या ट्रकच्या पिढीतील गाड्यांच्या गंजणाऱ्या ब्रेक नळ्यांची चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने केली होती. २०१५ मध्ये ती बंद करताना त्यांनी गाड्या परत मागवण्याचा आदेश दिला नाही, पण मिठाच्या प्रदेशातील २००७ पर्यंतच्या गाड्यांच्या मालकांनी ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात आणि हिवाळ्यात गाडीचा खालचा भाग वरचेवर धुवावा, असे जाहीरपणे सुचवले. कूलर लाइन फुटली तर गिअरबॉक्स जातो, ब्रेकची नळी फुटली तर माणसे जातात. नळीवर खपल्या सुटत असतील, नुसता वरवरचा तांबूसपणा नसेल, तर त्या नळ्याही आताच बदला, आणि ते काम हात बसलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपला मागील मालकाने रेडिएटरच्या पुढे एक वेगळा ट्रान्समिशन कूलर बसवला आहे. रेडिएटरकडे जाणारी लाइन गळते. ती काढूनच टाकली आणि तेल थेट बाहेरच्या कूलरमधून फिरवले तर चालेल का? — न्यू जर्सीमधील एक वाचक

उत्तर : गाडी कायम उष्ण प्रदेशात असती तर मी विचार करा म्हटले असते, न्यू जर्सीच्या हिवाळ्यात नको. रेडिएटरमधला कूलर तेल थंड करतो तसेच थंडीत ते लवकर गरमही करतो, कारण त्याच्या भोवती इंजिनचे कूलंट असते आणि तेल त्या तापमानाकडे ओढले जाते. तो वगळला तर हिवाळ्यात तेल बराच वेळ घट्ट राहते, गिअर जड पडतात आणि कन्व्हर्टरचा लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) उशिरा लागतो. रचना अशी असू द्या की तेल गिअरबॉक्समधून आधी रेडिएटरमध्ये जाईल, तेथून बाहेरच्या कूलरमध्ये आणि मग परत. गळणारी लाइन वर सांगितल्याप्रमाणे बदला. बाहेरच्या कूलरच्या रबरी नळ्या त्याच मालकाच्या काळातील असतील, तर त्यांवरील छपाई वाचा आणि वयाचा अंदाज न आल्यास त्याही बदला.

प्रश्न : कूलंटच्या टाकीत गुलाबी, दुधासारखा गाळ दिसतो. बाहेर कोठेही गळती नाही. कूलर लाइन बदलून उपयोग होईल का? — टेक्सासमधील एक वाचक

उत्तर : होणार नाही. रेडिएटरच्या टाकीतील कूलर आतून फुटला आहे आणि तेल व कूलंट एकत्र झाले आहेत. इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक असल्याने तेल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद झाले की तेलाचा दाब शून्यावर येतो, पण तापलेल्या रेडिएटरमध्ये सुमारे एक बार दाब बराच वेळ टिकून असतो, त्यामुळे कूलंट उलट गिअरबॉक्सकडे ढकलले जाते. म्हणून डिपस्टिकही पाहा. तेल स्वच्छ लाल असेल तर रेडिएटर बदलून आणि कूलंटचे सर्व मार्ग धुऊन सुटका होऊ शकते. तेथेही गुलाबी फेस असेल तर गाडी यापुढे एक मैलही चालवू नका. कूलंटमधील पाणी आणि ग्लायकॉल क्लचच्या अस्तराला धरून ठेवणारा गोंद सोडवतात, आणि तेल दोन-तीनदा बदलले तरी शोषलेले पाणी अस्तरातून पूर्ण निघत नाही. अशा गिअरबॉक्सला खोलून नवीन अस्तरे घालावी लागण्याची तयारी ठेवा. त्या वेळी बाहेरचा कूलर असेल तर तोही बदला, कारण त्याच्या बारीक मार्गांतील गाळ धुऊन निघत नाही.

प्रश्न : माझ्याकडे साध्या गिअरचा जुना मालवाहू ट्रक आहे. पुढच्या बाजूला लाल तेल गळते. हीच कूलर लाइन असेल का? — कोल्हापूरचे एक वाचक

उत्तर : नाही. आपल्याकडील साध्या गिअरबॉक्सच्या ट्रकांना टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि बहुतेकांना कूलर लाइनही नसते. दाते तेलात बुडून फिरतात आणि उष्णता कवचातूनच बाहेर जाते. तेथील तेल जाड, पिवळसर किंवा काळपट असते आणि ते गळते ते सीलमधून, ड्रेन प्लगमधून किंवा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे भोक) तुंबल्यामुळे दाब वाढून. तुमचे तेल पातळ आणि लाल आहे आणि पुढून गळते, म्हणजे ते बहुधा पॉवर स्टिअरिंगचे असावे, कारण आपल्या अनेक ट्रकांच्या स्टिअरिंगमध्ये तेच ट्रान्समिशनचे लाल तेल घालतात. टाकीतील पातळी पाहा आणि पंपापासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जाणारी नळी हाताने न चाचपता दुरून तपासा. वर कूलर लाइनसाठी सांगितलेला रबरी तुकड्याचा उपाय येथे मुळीच करू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरल्यावर या नळीतला दाब शंभर बारच्या आसपास किंवा त्याहून अधिक जातो आणि क्लिपने आवळलेली नळी तेथे क्षणभरही टिकत नाही. परतीची नळी कमी दाबाची असते, तीवर योग्य जातीची नवीन नळी आणि क्लिप चालते. दाबाची नळी मात्र कारखान्यात टोके बसवलेलीच आणावी आणि ती बसेपर्यंत ट्रक भरून घाटात नेऊ नये.